कलकत्त्यास गेलेल्या पूर्वजाचा माग

महाराष्ट्रातील पुष्कळ घराण्यांच्या वंशावळीत एखादी तरी शाखा अशी आढळते की, तिच्या शेवटच्या नावाखाली पुत्रपौत्रांची रेघ न ओढता 'हा कलकत्त्यास गेला' एवढाच शेरा मारलेला असतो, आणि त्या शेऱ्यापाशी घराण्याची स्मृती येऊन थांबते. हा इसम कोणी पंडित म्हणून गेलेला असेल, कोणी नागपूरकर भोसल्यांच्या वकिलाच्या लवाजम्यात गेलेला असेल, कोणी आगगाडीच्या कंपनीत कारकुनीस किंवा वैद्यकाच्या शिक्षणास गेलेला असेल. मागे राहिलेल्या भाऊबंदांच्या लेखी मात्र तो परागंदा झाला. वास्तविक तो लुप्त झालेला नसतो. त्या शहरात त्याने घरभाडे भरलेले असते, पगाराच्या पत्रकावर सही केलेली असते, आणि अखेरीस गंगेच्या कोणत्या तरी घाटावर त्याचे दहनही झालेले असते. तुटलेला असतो तो केवळ वार्तेचा धागा. तो पुन्हा हाती यावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने कोणती दप्तरे पाहावी आणि त्यांतील मजकुरावर कितपत विश्वास ठेवावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. जुना कागद कोणाची आठवण राहावी म्हणून सहसा लिहिलेला नसतो. सारा वसूल व्हावा, पगार चुकता व्हावा, वारसाचा तंटा मिटावा, यजमान दुसऱ्या उपाध्याकडे जाऊ नये, अशा कोणत्या तरी व्यवहारासाठी तो लिहिलेला असतो. म्हणून 'आमचे पणजोबा कोठे सापडतील' असा प्रश्न करण्यापेक्षा 'त्यांचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणास पडली असेल' असा प्रश्न करणे फलदायी ठरते. लिहिणाऱ्याची गरज कळली म्हणजे त्याने काय लिहिले असेल, काय गाळले असेल आणि ते दप्तर आज कोणाच्या ताब्यात असेल, याचा बराचसा उलगडा आपोआप होतो.

याचे एक बोलके उदाहरण कलकत्त्यातच आहे. १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी शिकविण्याचे काम विल्यम कॅरी यांजकडे आले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी अक्षरांतील कोश १८१० साली प्रसिद्ध झाला. या सर्व उद्योगात कॅरींच्या पाठीशी नागपूरकडील वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते, आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या 'रघुजी भोसल्यांची वंशावळी' या पुस्तकाशीही त्यांचे नाव जोडले जाते. राजघराण्याच्या वंशावळीशी संबंध असलेल्या या पंडिताची स्वतःची वंशरेषा मात्र सामान्य वाचकास ठाऊक नाही. त्याचे नाव मराठीत कोठे वैजनाथ शर्मा, कोठे वैजनाथ शास्त्री असे येते, आणि इंग्रजी अक्षरांत तेच 'विद्यानाथ' असे दिसते. कारण वेतन देणाऱ्या कॉलेजास पंडित हवा होता, त्याचे आडनाव, गाव व गोत्र नको होते. ज्या वंशजास असा पूर्वज शोधावयाचा असेल, त्याने आडनावाच्या सूचीत शोध केल्यास पदरी निराशा येईल. कॉलेजच्या कामकाजाच्या कागदांत हुद्द्याच्या अनुरोधाने शोध केल्यास काही हाती लागण्याची आशा आहे.

आरंभ घरच्या दप्तरापासून

परगावी जाण्यापूर्वी घरातील कागद संपूर्ण पाहून घ्यावेत, आणि घर म्हणजे केवळ आपले घर नव्हे. पूर्वजाच्या बहिणी ज्या घरी दिल्या त्या घरांतील, त्याच्या पत्नीच्या माहेरचे आणि दत्तक गेलेल्या भावाच्या नव्या घराण्यातील कागदही त्यात आले. परदेशी गेलेला पुरुष थोरल्या भावाशी अबोला धरील, पण बहिणीला भाऊबीज पाठविल्यावाचून राहणार नाही. त्यामुळे पुष्कळदा मूळ घरात ज्याची चिठीही नाही त्याची पत्रे भाच्याच्या घरी सुरक्षित आढळतात.

या कागदांत जन्मपत्रिकेचे मोल मोठे. तीत शक, संवत्सर, मास, तिथी, वार, जन्मस्थळ आणि पित्याचे नाव एकत्र असते, व पूर्वजाला त्याच्याच नावाच्या चुलतभावापासून किंवा नातवापासून वेगळे काढण्यास इतके निश्चित साधन क्वचितच दुसरे असते. त्याखालोखाल पंचांगाच्या समासांत केलेली टिपणे, किर्दी-खतावण्या, लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या आणि पोथ्यांच्या अखेरीस लेखकाने दिलेले स्वतःचे नाव, गाव व समाप्तीची तिथी यांचा क्रम लागतो. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली आणि टपालखात्याची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. कलकत्त्याच्या चाकरमान्याने घरी पाठविलेल्या मनिऑर्डरीचे कुपन जपलेले असेल, तर त्यावर त्याचे नाव, पत्ता, रकमेचा आकडा आणि टपालाचा शिक्का अशी चार साधने एका चिटोऱ्यावर मिळतात. पाकीट टाकून केवळ पत्र जपण्याची चूक कोणी करू नये, कारण तारीख व ठिकाण यांचा पुरावा बहुधा पाकिटावरच असतो.

श्राद्धतिथींच्या यादीकडे शोधक सहसा दुर्लक्ष करतात. ती यादी मात्र अतिशय सूचक असते. पितृपक्षात ज्याचे श्राद्ध द्वादशीस होते तो पूर्वज संन्यास घेतलेला असू शकतो, आणि तसे असल्यास त्याने पूर्वाश्रमीचे नावच टाकलेले असल्यामुळे त्या नावाने पुढील शोध करणे व्यर्थ होय. चतुर्दशीस ज्याचे श्राद्ध होते त्याचा मृत्यू शस्त्राने किंवा अपघाताने झाला असावा. अविधवा नवमीस जिचे श्राद्ध होते ती स्त्री पतीच्या हयातीत निवर्तली. सर्वपित्री अमावास्येस ज्याला पिंड दिला जातो त्याची मृत्युतिथी घरास ठाऊकच नव्हती असा संभव धरावा. बारा वर्षे वार्ता न लागलेल्या मनुष्याचा पालाशविधी करण्याची जी चाल होती, तिचाही येथे विचार केला पाहिजे: अशा पुरुषापुढे यादीत लिहिलेली तिथी मृत्यूची नसून त्या विधीची असू शकते, आणि मग ती तिथी प्रमाण धरून कलकत्त्याच्या मृत्युनोंदी चाळणारा मनुष्य कित्येक वर्षांच्या अंतराने भलत्याच वहीत शोध करीत बसतो. इंग्रजी अमदानीतील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सात वर्षे वार्ता न लागलेला मनुष्य मृत मानण्याची मुभा दिली. म्हणून त्याच्या वाट्याच्या मिळकतीचा दावा झाला असेल तर अखेरची वार्ता केव्हाची, हे त्या दाव्याच्या कैफियतीत शपथेवर सांगितलेले आढळते.

नावाचे वेष आणि कालगणनेचे भेद

मराठी नाव बंगालमध्ये गेले की त्याचा वेष पालटतो. बंगाली लेखनात 'व' आणि 'ब' यांस एकच अक्षर असल्यामुळे विनायक 'बिनायक' होतो, वासुदेव 'बासुदेब' होतो, आणि इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या सूचीत तो शेवटच्या पानांवरून एकदम आरंभीच्या पानांवर जाऊन बसतो. यादव 'जादब' होऊन निराळ्याच अक्षराखाली सापडतो. 'ळ' हे अक्षर बंगालीत नाही, त्यामुळे काळे, केळकर, टिळक ही आडनावे 'ल'कारानेच लिहिली जाणार. इंग्रज कारकुनाने पूर्वीच्या ढंगाने ऐकले तसे लिहिले असेल तर आणखी विकार संभवतात. यास्तव शोधास निघण्यापूर्वी पूर्वजाच्या नावाची जितकी रूपे संभवतील तितकी एका कागदावर लिहून काढावी. त्यात पित्याच्या नावाला आडनाव समजून केलेली नोंद धरावी, आडनाव सोडून नुसते 'पंडित', 'राव' किंवा 'शर्मा' म्हटलेले धरावे, आणि घरात ज्या नावाने हाक मारीत ते अण्णा, तात्या, नाना हेही धरावे. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे रामचंद्र गणेश आणि गणेश रामचंद्र एका घराण्यात आलटून पालटून येतात, तर दत्तकविधानाने मनुष्याच्या पित्याचे नावच बदलते; या दोन कारणांनी झालेले घोटाळे वंशावळीत सर्वांत अधिक असतात.

कालगणनेच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. शालिवाहन शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो, परंतु जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. बंगाली सनात ५९३ मिळवावे, आणि जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ५९४. काशीच्या विक्रम संवतातून ५७ वजा करावे, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६. मराठी दप्तरांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. दक्षिणेतील फसलीत ५९० किंवा ५९१ आणि उत्तरेकडील फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागत असल्याने एकाच 'फसली' शब्दापुढील आकडा प्रांताप्रमाणे दोन वर्षांनी मागेपुढे होतो. याहून सूक्ष्म भेद महिन्यांचा आहे. आपला महिना अमावास्येस संपतो, काशी-गयेकडचा पौर्णिमेस; त्यामुळे शुक्लपक्ष दोहींकडे एकाच नावाचा असला तरी कृष्णपक्षाच्या महिन्याचे नाव एकाने पुढे जाते. शके १८२० च्या भाद्रपद वद्य द्वादशीस कोणी गयेत पिंडदान केले असेल, तर तेथील उपाध्याच्या, म्हणजे गयावळाच्या, वहीत ती तिथी संवत् १९५५ आश्विन वदी द्वादशी अशी असेल, आणि त्या दिवशी कलकत्त्यात बंगाली सन १३०५ चालू असेल. दोन कागदांतील विसंगती पाहून त्यांतील एक खोटा ठरविण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या

आपल्या समाजात वंशावळीची सर्वांत दीर्घ परंपरा तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांनी राखली. नाशिक, त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्ये, प्रयागचे प्रयागवाल, काशीचे तीर्थपुरोहित आणि गयेचे गयावळ यांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वहस्ते आपले गाव, गोत्र, पूर्वजांची नावे, सोबतची मंडळी आणि आगमनाची तिथी लिहून ठेवलेली असते. यजमान आपलाच आहे हे सिद्ध करण्याची उपाध्यास गरज होती, म्हणून हा लेख टिकला. कलकत्त्यास गेलेल्या पूर्वजासाठी या वह्यांचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथे जाण्याचा मार्गच क्षेत्रांवरून होता. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूर-अलाहाबादवरून १८७० साली जोडला गेला. नागपूरवरून हावड्यास जाणारा थेट मार्ग १९०० सालचा आहे. पूर्वज त्यापूर्वी गेला असल्यास प्रयाग व काशी त्याच्या वाटेवर होती आणि गया फार लांब नव्हती, व मराठी मनुष्य तेथून आईवडिलांच्या नावे पिंडदान केल्यावाचून पुढे गेला असेल हे संभवत नाही.

वही पाहावयास जाताना आडनाव पुरत नाही. मूळ गाव, त्याचा जुना परगणा किंवा तालुका, गोत्र आणि निदान तीन पिढ्यांची नावे सोबत न्यावीत, कारण वह्या बहुधा गावांच्या व जातींच्या अनुरोधाने लावलेल्या असतात. केवळ पूर्वजाचा लेख शोधू नये; मागाहून यात्रेस आलेल्या त्याच्या भावांनी व पुतण्यांनी लिहिलेले लेखही वाचावे, कारण हयात आप्तांची नावे सांगताना 'वास्तव्य कलकत्ता' असा उल्लेख त्यांनी केलेला असू शकतो. लेख मोडीत असल्यास घाईने त्याचा अर्थ लावू नये. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही व ऱ्हस्वदीर्घाचा विवेकही शिथिल असतो. म्हणून उपाध्यांच्या अनुमतीने छायाचित्र घेऊन ते जाणकाराकडून वाचवून घ्यावे, आणि योग्य ती दक्षिणा देण्यास संकोच करू नये.

कलकत्त्यातील दप्तरे

शहरात प्रवेश केल्यावर प्रथम पूर्वजाचा व्यवसाय निश्चित करावा, कारण तेथील बहुतेक दप्तरे व्यवसायाच्या दारानेच उघडतात. नागपूर व वऱ्हाडकडील मनुष्य असेल तर बंगाल-नागपूर रेल्वेचा विचार आधी करावा. १८८७ साली निघालेल्या या कंपनीची मुख्य कचेरी कलकत्त्यास गार्डन रीच येथे होती आणि पुढे १९५५ साली तेथेच दक्षिण-पूर्व रेल्वेचे ठाणे झाले. सरकारी नोकर असेल तर तो प्रांतिक सरकारचा की हिंदुस्थान सरकारचा, हे ठरविल्याखेरीज पाऊल उचलू नये. प्रांतिक सरकारचे कागद राज्य अभिलेखागाराच्या शेक्सपियर सरणी व भवानी दत्त लेन येथील विभागांत पाहावयाचे. हिंदुस्थान सरकारचे दप्तर मात्र दिल्लीस गेलेले आहे. १८९१ साली कलकत्त्यात उघडलेले इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट हेच आजचे राष्ट्रीय अभिलेखागार होय, आणि राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा डिसेंबर १९११ मध्ये झाल्यानंतर कचेऱ्यांबरोबर कारकूनही हलले. ज्या पूर्वजाची पत्रे १९१२ च्या सुमारास कलकत्त्याहून येण्याची थांबली तो त्या शहरात निवर्तला असे धरून चालण्यापेक्षा तो दिल्लीस किंवा सिमल्यास बदलून गेला असावा, ही शंका प्रथम निवारून घ्यावी. १८९८ ची प्लेगची दहशत आणि डिसेंबर १९४२ मधील जपानी विमानहल्ले या प्रसंगीही लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. कुटुंबाची वार्ता अशा वर्षी तुटली असल्यास स्थलांतराचा संभव विसरू नये.

व्यवसाय ठाऊक नसेल तर डिरेक्टऱ्यांकडे वळावे. थॅकर, स्पिंक कंपनीने वर्षानुवर्षे छापलेल्या डिरेक्टऱ्यांत कचेऱ्या, त्यांतील हुद्दे, व्यापारी पेढ्या व रस्तावार रहिवासी दिलेले असतात. त्यांत युरोपियनांचा भरणा अधिक आणि सामान्य कारकुनाचे नाव गळण्याचा संभव मोठा. परंतु पूर्वजाने पत्रात सांगितलेल्या घरात त्या वर्षी कोण राहत होते, ती खाणावळ होती की कोणा धनिकाचा वाडा, एवढे कळले तरी पुढील दिशा मिळते. बेल्व्हेडिअरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे १९०३ साली उघडलेल्या पूर्वीच्या इंपीरियल लायब्ररीत, असे जुने मुद्रित साहित्य चाळता येते. पत्ता वाचताना रस्त्यांची नामांतरे ध्यानी असावीत: कॉर्नवॉलिस स्ट्रीट म्हणजे आजची विधान सरणी, हॅरिसन रोड म्हणजे महात्मा गांधी रोड, क्लाइव्ह स्ट्रीट म्हणजे नेताजी सुभाष रोड.

विद्यार्थी म्हणून गेलेल्याचा शोध विद्यापीठाच्या कॅलेंडरांतून घ्यावा, पण येथे एक सापळा आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या कलकत्ता विद्यापीठाचा अंमल मध्यप्रांतावरही होता. नागपूरची हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये प्रथम त्याच विद्यापीठास जोडलेली होती, नंतर ती अलाहाबादकडे गेली आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले. यास्तव एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचे नाव कलकत्त्याच्या परीक्षार्थींत आढळले, एवढ्यावरून त्याने त्या शहराचे तोंड पाहिले होते असे सिद्ध होत नाही.

मालमत्ता करणाऱ्या पूर्वजाच्या बाबतीत न्यायालयाचे दप्तर सर्वांत श्रेष्ठ. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने त्या वर्षाच्या सप्टेंबरपासून बंगालच्या प्रांतात हिंदूंनी केलेल्या मृत्युपत्रांच्या आधारे हक्क शाबीत करावयाचा तर प्रोबेट घेणे आवश्यक झाले, आणि १८६२ साली स्थापन झालेल्या कलकत्ता उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत शहरातील प्रोबेटांची दप्तरे आहेत. मृत्युपत्रात मनुष्य आयुष्यभर न सांगितलेले सांगतो. देशावरील भावास काय द्यावे, दुसरा संसार असल्यास त्याची तरतूद काय, कुलदेवतेस किती पाठवावे, हे सर्व त्यात येते. मृत्यूची नोंद महानगरपालिकेच्या दप्तरात शोधावयाची, व निमतला आणि केवडातला हे दहनघाट त्यासाठी प्रथम ध्यानात घ्यावेत. मात्र अदमासे वर्ष ठाऊक असल्याखेरीज त्या वह्यांपाशी जाण्यात अर्थ नाही. खानेसुमारीच्या घरवार कागदांची आशा मुळीच धरू नये. तक्ते तयार झाल्यावर ते कागद जपले गेले नाहीत.

बंगाली साधनांची उपेक्षा ही मराठी शोधकांची नित्याची उणीव आहे. सखाराम गणेश देउसकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील देऊस गावचे, जन्म १८६९ चा देवघरजवळील करौं गावचा, आणि कीर्ती 'हितवादी' पत्राचे संपादक व १९०४ सालच्या 'देशेर कथा'चे कर्ते म्हणून. १९१० साली सरकारने जप्त केलेले ते पुस्तक बंगालीत आहे. केवळ मराठी ग्रंथसंग्रह चाळणाऱ्यास अशा पुरुषाचा अर्धाही परिचय होणार नाही. आपला पूर्वज इतका प्रसिद्ध नसेल, तरी बंगाली वर्तमानपत्र, शाळेचा अहवाल किंवा बंगीय साहित्य परिषदेच्या संग्रहातील एखादे मासिक यांत त्याचे नाव येणे अशक्य नाही, आणि बंगाली लिपी शिकण्यास देवनागरी जाणणाऱ्या मनुष्यास फारसे श्रम पडत नाहीत. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात जाऊन शहरातील वयोवृद्ध मराठी कुटुंबांची भेट घ्यावी. दप्तर जेथे मुके असते तेथे त्यांच्या घरातील समारंभाचे एखादे छायाचित्र बोलते.

मूळ गावाची साक्ष

कलकत्त्यात काहीच न मिळाल्यास मूळ गावी परतावे, कारण गेलेल्या मनुष्याचा हिस्सा मागे राहतो आणि हिश्शाबरोबर त्याची नोंदही राहते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. त्यानंतरच्या फेरफार नोंदवहीत वारसांची नावे कोणत्या साली व कोणाच्या अर्जावरून लागली अथवा कमी झाली हे कळते. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' असे असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असून त्याच्याआड धाकट्यांची नावे दडलेली आहेत हे ओळखावे आणि मागचे फेरफार मागवावेत. कोकणात खोती गावांची बोटखते व फैसलपत्रके पाहावीत. १८२७ च्या रेग्युलेशनान्वये जिल्हा न्यायालयाने दिलेले वारसाचे दाखलेही उपयुक्त ठरतात. पेशवाईपर्यंत मागे जावयाचे असल्यास पुण्याचे पेशवे दप्तर आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही स्थाने आहेतच.

मुद्रित कुलवृत्तांत हा वाटाड्या म्हणून घ्यावा, साक्षीदार म्हणून घेऊ नये. संपादकांनी पुष्कळ माहिती घरोघर पत्रे धाडून मिळविली, आणि उत्तर देणाऱ्याने जे ऐकले होते तेच कळविले. स्त्रियांच्या बाबतीत तर या ग्रंथांची कृपणता प्रसिद्ध आहे. विवाहात बदललेले नाव देऊन जन्मनाव गाळणे हा त्यांचा नित्यक्रम. अशा ठिकाणी माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत शेजारी ठेवून दोन्ही नावे जुळवावी लागतात.

सिद्धता आणि संयम

नाव सापडले म्हणजे पूर्वज सापडला असे नव्हे. ज्या कागदात सापडलेल्या मनुष्याचे नाव, पिता, गाव, वय आणि व्यवसाय यांपैकी निदान तीन गोष्टी आपल्या माहितीशी जुळतात आणि एकही गोष्ट तिच्याशी उघड विसंगत नाही, तोच कागद आपल्या घराण्याचा मानावा. आणि असे परस्परांवर अवलंबून नसलेले दोन कागद मिळेपर्यंत वंशावळीत ते नाव पेन्सिलीने लिहावे. एकाच मूळ कथनावरून उतरलेली दोन पुस्तके हे दोन पुरावे होत नाहीत. विशेषतः 'आमचे पूर्वज बारगीरांबरोबर बंगाल्यात गेले' ही आख्यायिका तपासून घ्यावी. भोसल्यांच्या फौजांच्या स्वाऱ्या १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत झाल्या, त्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी खणलेल्या मराठा खंदकाची जागा पुढे सर्क्युलर रोडने घेतली, ओरिसा १८०३ पर्यंत नागपूरकरांकडे होता; म्हणजे पूर्वेकडे मराठी मनुष्य जाण्याची कारणे खरोखरच होती. परंतु कारण असणे निराळे आणि अमुक मनुष्य त्या कारणाने गेला हे निराळे. या दोहोंमधील अंतर कागदानेच भरून निघते, अभिमानाने नव्हे.

शोधात कधी अप्रिय गोष्टीही निघतात: दुसरा विवाह, सोडून दिलेली पत्नी, जातीबाहेरचा संसार, कर्जापायी केलेले पलायन. मृतांच्या बाबतीत सत्य लपवू नये, आणि हयात वंशजांच्या बाबतीत त्यांच्या संमतीवाचून ते प्रसिद्ध करू नये, हा नियम पाळल्यास कोणाचीही हानी होत नाही. दूरच्या शहरात नव्याने सापडलेल्या चुलतघराण्याकडे पहिले पत्र लिहिताना वाटणीचा अथवा मिळकतीचा शब्दही काढू नये. शंका उत्पन्न झाली की दप्तर बंद होते.

अखेरची विनंती एवढीच की, शोध पुरा झाला वा अपुरा राहिला, तरी जे पाहिले ते लिहून ठेवावे: कोणत्या दप्तरात, कोणत्या वहीत, कोणत्या पानावर काय मिळाले, आणि तितक्याच काटेकोरपणे, कोठे पाहूनही काही मिळाले नाही. सर्व कागदांची छायाचित्रे काढून एक प्रत घरी, एक दुसऱ्या शाखेच्या घरी आणि शक्य असल्यास एक संशोधन संस्थेकडे द्यावी. जो दुवा सिद्ध झाला नाही त्याची जागा रिकामी ठेवावी. पुढील पिढीतील शोधकास रिकामी जागा भरता येते, परंतु चुकीने भरलेली जागा खोडण्यास त्याचे अर्धे आयुष्य खर्ची पडते.